पेठेतले घर सोडून फ्लॅटमध्ये जाताना : आतली मांडणी आपली कशी वाटेल?

माजघर | १६ नोव्हेंबर

नमस्कार. कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेतील आमचे राहते घर वाटणीत थोरल्या दिरांकडे गेले असून येत्या मार्चमध्ये आम्ही कळंबा रस्त्यावरील दुसऱ्या मजल्याच्या फ्लॅटमध्ये राहायला जाणार आहोत. जुने घर काळ्या दगडाच्या जोत्यावर उभे असलेले, चार खणांचे आणि मंगलोरी कौलांचे. पुढे सोपा म्हणजे बसायची ओसरी, मग माजघर, त्यामागे स्वयंपाकघर आणि न्हाणी, शेवटी परडे म्हणजे परसदार, अशी त्याची सरळ रांग आहे. नवा फ्लॅट ७६० चौरस फुटांचा असून त्यात बाहेरची खोली, स्वयंपाकघर, झोपायच्या दोन खोल्या आणि पश्चिमेला एक गॅलरी आहे. घरात ७४ वर्षांच्या सासूबाई, उद्यमनगरात छोटा कारखाना चालवणारे माझे यजमान, नववीतील मुलगी, सात वर्षांचा मुलगा आणि मी अशी पाच माणसे आहोत.

एका सजावटकारांकडून आम्ही आराखडा करून घेतला. संगणकावरची चित्रे देखणी होती: राखाडी भिंती, चकचकीत पांढरी कपाटे, छताखाली आणखी एक छत आणि टीव्हीच्या मागे दगडासारखी दिसणारी भिंत. सासूबाईंनी ती चित्रे चष्मा लावून दोनदा पाहिली आणि विचारले, "ह्यात मी बसू कुठं?" त्या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही. तेव्हापासून ते काम मी थांबवून ठेवले आहे.

आमची सहा लाखांपर्यंत खर्चाची तयारी आहे. मागच्या वर्षी सोप्याचे छप्पर उतरवून तिथे स्लॅब टाकला, तेव्हा निघालेली एक सागवानी तुळई, कडीपाटाच्या (लाकडी छताच्या) बऱ्याच फळ्या, शिवाय एक शिसवी पेटी आणि माळ्यावरची पितळी भांडी आमच्या वाट्याला आली आहेत. यातले काय न्यावे, कुठे वापरावे, आणि घर ऊबदार वाटावे पण अडगळीची खोली होऊ नये यासाठी काय करावे, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

ओळंबा | १६ नोव्हेंबर

माजघरताई, मी गेली बावीस वर्षे कोल्हापुरात घरांचे आराखडे करतो. सासूबाईंनी विचारलेला प्रश्न हाच आराखड्याचा पहिला प्रश्न असायला हवा होता, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्याला एक काम सुचवतो. आठ दिवस एक वही हाताशी ठेवा. घरातले कोण, कोणत्या वेळी, कुठे बसते, आणि कोणती वस्तू रोज कुठे जाऊन पडते, एवढेच त्यात लिहा. किल्ल्या, चष्मा, दप्तर, दुधाची पिशवी, औषधाच्या गोळ्या, मोबाइलची वायर, वाळलेल्या कपड्यांचा ढीग. वस्तू जिथे आपोआप साचतात तिथेच त्यांना जागा करून द्यायची असते. आपण बहुतेक वेळा उलटे करतो, म्हणजे आधी कपाट बांधतो आणि मग घरच्यांना त्या कपाटाची सवय लागावी म्हणून वर्षभर रागावत राहतो.

जुन्या घराची मांडणी अशाच निरीक्षणातून पिढ्यान्‌पिढ्या घडत आली. परक्या माणसाने सोप्यापर्यंत यावे, ओळखीच्याने माजघरापर्यंत, आणि चुलीपाशी फक्त घरच्यांनी, ही पायरी त्या घराने न बोलता पाळली. देवळी दिव्यासाठी होती आणि ती हाताच्या उंचीवर होती. खुंटी दाराशेजारी होती, कारण टोपी आणि पिशवी दाराशीच उतरते. फ्लॅटमध्ये सोपा आणि माजघर ही दोन्ही कामे बाहेरच्या एकाच खोलीला करावी लागतात आणि तिथेच बहुतेक आराखडे फसतात. मधे भिंत घालणे परवडत नाही. पण बैठकीची उंची, जमिनीवरचे अंथरूण आणि उजेड बदलून त्या खोलीचे दोन भाग करता येतात. दाराजवळच्या भागात खुर्च्या आणि मोकळी जागा ठेवावी, आतल्या भागात खिडकीला लागून बैठक आणि तिच्यावर भिंतीवरचा मंद दिवा असावा. माणूस आत गेला की आवाज आपोआप खाली येतो, इतका फरक केवळ दिव्याने पडतो.

दिव्यांविषयी आणखी थोडे. छताच्या मधोमध एक झगझगीत ट्यूब लावून सगळी खोली सारखी उजळली की कोणताच कोपरा कोणाचा राहत नाही. २७०० ते ३००० केल्व्हिनचे पिवळसर दिवे बसण्याच्या जागी घ्यावेत, स्वयंपाकाच्या कट्ट्यावर ४००० केल्व्हिन पुरेसा आहे, आणि ६५०० केल्व्हिनचा निळसर पांढरा प्रकाश राहत्या खोलीत शक्यतो टाळावा. दिव्याच्या डब्यावर बहुधा रंगदर्शकाचा (सीआरआय) आकडा छापलेला असतो; तो ९० च्या आसपास असेल तर हळदीचा पिवळा आणि कातडीचा रंग खरा दिसतो. खालच्या छताचा मात्र हट्ट धरू नये. साडेनऊ फुटांच्या उंचीतून सहा इंच गेले की पंखा डोक्यावर आल्यासारखा वाटतो, आणि तेवढ्या पैशांत चांगल्या लाकडाची बैठक होते.

रंधा | १७ नोव्हेंबर

आमचे घराणे सुतारकामातले आहे, म्हणून लाकडापुरते लिहितो.

ताई, ती तुळई आणि कडीपाटाच्या फळ्या कोणालाही विकू नका. इतकी वर्षे छपराखाली राहिलेल्या सागवानाला जेवढे आकसायचे आणि वाकायचे असते तेवढे ते वाकून झालेले असते, त्यामुळे त्यापासून केलेली वस्तू पुढे पीळ धरत नाही. कापण्यापूर्वी दोन गोष्टी अवश्य करा. आत राहिलेले जुने खिळे लोहचुंबक फिरवून शोधून काढा, नाहीतर करवतीचे पाते जाते आणि मिस्त्रीचा हातही जाऊ शकतो. दुसरे म्हणजे जे टोक भिंतीत होते ते ठोकून पाहा. आवाज पोकळ आला तर तेवढा भाग वाळवीने किंवा ओलीने खाल्लेला असणार, तो टाकून द्यावा. उरलेल्या लाकडात बैठक आणि जेवणाचे टेबल आरामात निघेल.

प्लायवूड घेताना 'वॉटरप्रूफ' या शब्दावर जाऊ नका, पाटीवरचा मानक क्रमांक वाचा. सिंकखाली आणि कट्ट्याखाली आयएस ७१० म्हणजे मरीन प्लाय घ्या. झोपायच्या खोलीतील कपाटांना आयएस ३०३ चालते. भुश्याच्या दाबलेल्या पाट्या स्वयंपाकघरात घेऊ नयेत, एकदा पाणी लागले की त्या फुगतात आणि मग स्क्रू धरत नाहीत. आपली गॅलरी पश्चिमेला आहे, म्हणजे जून ते सप्टेंबर पावसाची झड त्याच भिंतीवर बसणार. त्या भिंतीला कपाट चिकटवून उभे केले तर दुसऱ्या पावसाळ्यात मागच्या बाजूला बुरशी धरेल. दीड-दोन इंच मोकळे अंतर ठेवा आणि कपाटाला चार इंचांचे पाय द्या, म्हणजे हवाही खेळेल आणि केरसुणीही आत जाईल.

कट्ट्याखाली दारे असलेल्या कपाटांपेक्षा ओढायचे खण करावेत. दाराच्या कपाटात मागचे भांडे काढायला गुडघ्यावर बसावे लागते, खणात ते आपण होऊन पुढे येते. मूठ मात्र हाताला नीट पकडता येईल अशी बसवा. पीठ लागलेल्या किंवा ओल्या हाताने दाबून उघडणारी दारे उघडत नाहीत, आणि उघडली तरी डाग राहतात.

जास्वंद | १७ नोव्हेंबर

कट्ट्याचा विषय निघाला म्हणून लिहिते. आमच्या घरी ३६ इंचांचा कट्टा झाला. मिस्त्रींनी 'सगळीकडे असाच करतात' म्हणून सांगितले आणि मी मान डोलावली. माझी उंची पाच फूट आहे. चार वर्षांत खांदा दुखू लागला आणि कारण कळायला आणखी एक वर्ष गेले. कोपर काटकोनात वाकवून जमिनीपासून त्याची उंची मोजावी आणि त्यातून चार ते पाच इंच वजा करावेत. तो आपला कट्टा. घरातील जी व्यक्ती सर्वांत जास्त वेळ स्वयंपाक करते तिचेच माप घ्यावे.

भाकरीला मात्र तेवढ्यानेही भागत नाही. थापताना वरून जोर लागतो, म्हणून काटवट (भाकरी थापायची लाकडी परात) कट्ट्यावर ठेवली की हात खांद्यापासून उचलला जातो. मी नंतर कट्ट्याखाली २८ इंचांवर बाहेर ओढता येणारी जाड फळी करून घेतली आणि काटवट तिथे ठेवते. ज्या घरात रोज भाकरी होते तिथे ही फळी हवीच.

दुसरी गोष्ट साठवणीची. छापील पुस्तकातल्या स्वयंपाकघरात दोन माणसांचा आठवड्याचा किराणा मावतो. आपल्याकडे उन्हाळ्यात वर्षाची चटणी होते, गव्हाची दोन पोती येतात, ज्वारी असते, गूळ असतो. चटणीच्या बरण्या शेगडीच्या वरच्या फळीवर ठेवल्या तर उष्णतेने रंग आणि वास दोन्ही उतरतात. त्यांना जमिनीलगत, अंधारी आणि कोरडी जागा हवी. पन्नास किलोची कोठी कुठे उभी राहील हे ठरल्याशिवाय कपाटांचे माप देऊ नये.

तिसरी गल्ली | १८ नोव्हेंबर

सर्वांचे लिखाण वाचले आणि बरेचसे पटले. परंतु एक बाजू राहून जाते आहे, ती मांडते. जुन्या वस्तूंनी घराला ऊब येते असे आपण सहज म्हणतो, पण ती पितळी भांडी घासायची कोणी? उघड्या मांडणीवरची धूळ कोणी पुसायची? जुन्या घरातील तो सगळा जिव्हाळा सासवा-सुनांच्या कमरेवर उभा होता. मी बँकेत नोकरी करते, सकाळी नऊला घर सोडते आणि सात वाजता परत येते. माझ्या दृष्टीने बंद दारांचे, एका फडक्यात पुसले जाणारे गुळगुळीत कपाट हीसुद्धा मायाच आहे, कारण त्यामुळे रविवारची सकाळ मला मुलांबरोबर मिळते. तेव्हा जी वस्तू घरात आणायची तिचे काम कोणाच्या वाट्याला येणार, हेही त्या वहीत लिहावे.

ओळंबा | १८ नोव्हेंबर

तिसरी गल्ली, आपला मुद्दा मला पूर्ण मान्य आहे आणि माझ्या पहिल्या उत्तरात तो नव्हता ही उणीवच होती. उघडी फळी डोळ्यांच्या उंचीवर एखादी पुरे, बाकी सर्व बंद. रोज हाताळली जाणारी वस्तू धूळ धरत नाही, म्हणून उघड्यावर फक्त रोजच्या वापरातल्याच वस्तू ठेवाव्यात.

पंचगंगाकाठ | १९ नोव्हेंबर

आमचे घर नदीकडच्या उतारावर, तळमजल्यावर आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट मानतात. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेले आणि दोन्ही वेळा ते आमच्या घरात आले. माजघरताई दुसऱ्या मजल्यावर राहणार असल्याने त्यांना ही भीती नाही, तरी आमच्या अनुभवातील काही भाग सर्वांना उपयोगी पडेल असे वाटते.

२०१९ पूर्वी आम्ही हौसेने सगळे फर्निचर भिंतीत बसवून घेतले होते. पाणी चढू लागले तेव्हा त्यातले एकही आम्हांला उचलता आले नाही. ओसरल्यावर प्लायच्या पापड्या निघाल्या, आणि जी वाचली ती मोठ्या बहिणीच्या लग्नातली लाकडी पेटी, कारण दोन माणसांनी ती आधीच जिन्यावर नेली होती. आता आमच्या घरात दोघांना उचलता येणार नाही अशी वस्तू खाली ठेवत नाही. विजेची बटणे आणि प्लगच्या जागा पाच फुटांवर घेतल्या आहेत, खाली शहाबादी फरशी आहे आणि कपाटे लोखंडी पायांवर सुटी उभी आहेत. भिंतींविषयीही एक निरीक्षण सांगतो. सिमेंटच्या गिलाव्यावर पुट्टी आणि तैलरंग दिलेल्या भिंती कित्येक महिने ओल्या राहिल्या, त्यांचे पोपडे पडत राहिले; मागच्या खोलीतील चुन्याची जुनी भिंत त्याच्या कितीतरी आधी कोरडी झाली. चुना ओल बाहेर सोडतो, रंगाचा जाड थर तिला कोंडून ठेवतो.

सुट्या वस्तूंचा एक फायदा आम्हांला नंतर कळला. त्या हलवता येतात, म्हणून घर बदलत राहते. गौरी-गणपतीला बाहेरची खोली पूर्ण रिकामी होते, आणि थंडीत आईची खाट उन्हाच्या खिडकीशी जाते.

करवीरकर | २० नोव्हेंबर

मी राजारामपुरीत भाड्याच्या एका खोलीत राहतो आणि घरमालकांनी भिंतीला खिळा ठोकू नये असे सांगितले आहे. इचलकरंजीचे जाड सुती कापड मीटरवर आणून पडदे शिवून घेतले, पट्टणकोडोलीचे एक घोंगडे जमिनीवर अंथरले, ट्यूब बंद ठेवून दोन टेबलदिवे घेतले. एवढ्यानेच खोली माझी वाटू लागली.

चित्रांविषयी कोणीच लिहिले नाही. आबालाल रहिमान आणि बाबूराव पेंटर या चित्रकारांच्या गावात भिंतीवर छापील परदेशी देखावे लावलेले पाहून वाईट वाटते. राजारामपुरीत अभिनेते आणि चित्रकार चंद्रकांत मांडरे यांचे घरच आता कलासंग्रहालय आहे. तिथे एकदा जाऊन यावे. आपल्या चित्रकला महाविद्यालयांतील मुलांची प्रदर्शने भरतात, तिथे रंकाळा तलावाचे एखादे जलरंगातील चित्र सामान्य माणसाला परवडेल अशा किमतीत मिळते. माझ्याकडचे एकमेव चित्र असेच घेतलेले आहे आणि ते मी भिंतीला न टांगता मांडणीवर टेकवून ठेवले आहे.

माजघर | २९ नोव्हेंबर

सर्वांचे मनापासून आभार. आठ दिवसांची वही पूर्ण झाली आणि तिच्यातून जे समजले ते मला इतक्या वर्षांत समजले नव्हते, म्हणून सविस्तर लिहिते.

सासूबाई सोप्यात बसतात असे आम्ही सगळेच गृहीत धरत होतो. प्रत्यक्षात दिवसातला सर्वाधिक वेळ त्या माजघराच्या उंबऱ्याशी, चौकटीला पाठ टेकून बसतात. तिथून त्यांना डावीकडे बाहेरचे दार दिसते आणि उजवीकडे चूल. कोण आले, कोण गेले, दूध उतू जाते का, नातवाने चप्पल घातली का, हे सगळे त्या एका जागेवरून चालते. त्यांना आराम-खुर्ची किंवा स्वतंत्र खोली नको आहे. त्यांना दोन्हीकडे नजर जाईल अशी जागा हवी आहे. नव्या फ्लॅटच्या नकाशात ती जागा शोधली तेव्हा ती नेमकी स्वयंपाकघराच्या दाराशेजारी निघाली, जिथे सजावटकारांनी काचेच्या भांड्यांचे उंच कपाट काढले होते.

दुसरे, मुलीचा अभ्यास तिच्या टेबलावर होत नाही. ती जेवणाच्या पाटाशी, मी स्वयंपाक करत असताना बसते. तिसरे, यजमान कारखान्यातून आले की तेलकट हात धुण्यापूर्वी खिशातले सगळे सामान दाराजवळच्या पेटीवर ठेवतात. आणि तिसरी गल्ली, आपण सुचवल्याप्रमाणे भांड्यांपुढे घासणाऱ्याचे नाव लिहिले. बत्तीस भांड्यांपुढे एकच नाव आले, माझे. त्यांपैकी पाण्याचा हंडा, परात आणि दोन पातेली ठेवणार आहे, बाकीची नणंदा आणि दिरांच्या घरी जातील.

माजघर | ८ ऑगस्ट

आम्हांला नव्या घरात पाच महिने झाले. त्या वेळी ज्यांनी वेळ काढून लिहिले त्यांना काय झाले ते कळावे म्हणून हा धागा पुन्हा वर आणते आहे.

तुळईतून स्वयंपाकघराच्या दाराशी चार फूट लांबीची बैठक झाली. सासूबाईंचे गुडघे लक्षात घेऊन तिची उंची १८ इंच ठेवली आणि उठताना हाताला आधार मिळावा म्हणून दोन्ही बाजूंना हात दिले. पहिल्या दिवशी त्या तिच्यावर बसल्या, दोन्हीकडे पाहिले आणि लसूण सोलायला मागितला. कडीपाटाच्या फळ्यांचे टेबल झाले. ते स्वयंपाकघराला लागून ठेवले असून मुलीने दहावीचा अभ्यास तिथेच सुरू केला आहे. तिच्या खोलीत स्वतंत्र टेबल केलेच नाही. शिसवी पेटी दाराशी आहे, तिच्यावर यजमानांसाठी पितळी परात ठेवली आहे. ती परात रोज वापरात असल्याने तिला वेगळे घासावे लागत नाही. दाराशेजारी पाच खुंट्या आहेत, त्यांपैकी एक जमिनीपासून तीन फुटांवर, धाकट्याच्या दप्तरासाठी. तो आता दप्तर जमिनीवर टाकत नाही, यासाठी त्याला एकदाही रागवावे लागले नाही.

भिंतीत देवळी कोरता आली नाही. विटेची भिंत जेमतेम चार इंचांची आणि शेजारी काँक्रीटचा खांब, ज्याला हात लावायचा नसतो. म्हणून कपाटाच्या बाजूच्या फळीत फूटभर रुंदीचा कोनाडा ठेवला आणि संध्याकाळचा दिवा तिथे लागतो.

चुकाही झाल्या. वायरमनने सगळीकडे निळसर पांढरे दिवे लावून दिले होते आणि घाईत माझ्या लक्षात आले नाही; पहिले दोन आठवडे घर दवाखान्यासारखे वाटत होते, नंतर ते बदलले. चपलांसाठी बंद कपाट केले, ही दुसरी चूक. यजमानांच्या कोल्हापुरी कातडी चपलांवर जूनअखेरीस पांढरी बुरशी आली. आता त्याची दारे काढून आडव्या पट्ट्या बसवल्या आहेत, म्हणजे हवा खेळते. आणि परडे सुटल्यावर कपडे वाळवण्याचा प्रश्न किती मोठा होतो याचा अंदाज कोणीच दिला नव्हता. जुलैमध्ये पश्चिमेच्या गॅलरीत काहीच वाळत नाही. शेवटी धुण्याच्या जागेच्या छताला दोरी-कप्पीवर खालीवर होणाऱ्या चार नळ्या लावल्या आणि समोर भिंतीवर पंखा बसवला. जे कोणी फ्लॅट घेत असतील त्यांनी ही जागा आणि तिथला विजेचा पॉइंट आधीच ठरवून घ्यावा.

एकूण खर्च ४ लाख ३५ हजार झाला. खालचे छत केले नाही.

जास्वंद | ८ ऑगस्ट

वाचून फार समाधान वाटले. भाकरीची फळी केली का?

माजघर | ९ ऑगस्ट

केली, जास्वंदताई, २९ इंचांवर. रंधादादांना एक विचारायचे होते. टेबलावर गरम पातेले ठेवल्याने पॉलिशवर पांढरे वळ उठले आहेत. ते सगळे घासून पुन्हा पॉलिश करावे लागेल का?

रंधा | ९ ऑगस्ट

चकाकीचे पॉलिश असेल तर तसे वळ उठतच राहणार. पावसाळा उलटल्यावर, लाकूड पूर्ण कोरडे असताना, बारीक पॉलिशपेपरने वरचा थर काढा आणि दुकानात तयार मिळणारे जवसाचे 'उकळलेले' तेल (घरी उकळू नका) फडक्याने पातळ चोळा. अर्ध्या तासाने वरचे तेल पुसून घ्या, एक दिवस जाऊ द्या, आणि असे तीनदा करा. चकाकी कमी होईल, पण पुढे वळ उठला तर तेवढ्याच जागी तेल चोळून तो घरच्या घरी निघतो. तेलाची फडकी चुरगाळून एकत्र टाकू नका, ती आपोआप पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा. गणपतीच्या गडबडीत हे काम काढू नका, दसरा झाल्यावर काढा.